तळेआळीच्या डबीची चौकशी

“कोंबडीचं नाही कशावरून?” लिओ मास्तर म्हणाले. कातूबायच्या ओटीवर आम्ही चौघे बसलो होतो.

मी टेबलाच्या कडेला बसून जबानी लिहून घेत होतो. हे वाक्य लिहावे की गाळावे, असा मला प्रश्न पडला. मी फादर आल्वारिस यांच्याकडे पाहिले.

“लिहा,” फादर म्हणाले. “जे जे बोललं जाईल ते सगळं लिहा.”

तेव्हा मी लिहिले. संत सेबास्तियन यांच्या अस्थीच्या कणाविषयी, कोंबडीचे नाही कशावरून, असे माझ्या स्वतःच्या हस्ताक्षरात मी लिहिले आहे, आणि तो कागद आजही बिशप हाऊसच्या कपाटात कोठेतरी असेल. त्या गोष्टीला आता एक्केचाळीस वर्षे झाली. राग मात्र जिथल्या तिथे आहे.

वाचकांसाठी थोडे मागचे सांगणे अवश्य आहे. आमची तळेआळी म्हणजे वसईच्या हिरव्या पट्ट्यातली चाळीस ख्रिस्ती घरांची वस्ती. केळी, पानवेली आणि अबोली यांवर पोट भरणारी. मरीच्या सालात, म्हणजे अठराशे अठ्ठ्याण्णवमध्ये, एक वृद्ध पाद्री येथे आजाऱ्यांची सेवा करता करता स्वतः आजारी पडला. कातूबायच्या सासूने त्याला आपल्या घरात ठेवून घेतले. शेजारीपाजारी दारात पाऊल टाकीत नव्हते, अशा दिवसांत तिने त्याला पेज भरविली. मरताना त्याने गळ्यातली पितळी डबी काढून तिच्या हातात दिली आणि सांगितले की हा संत सेबास्तियनचा अवशेष आहे, जपून ठेव. डबी खिशातल्या घड्याळाएवढी. पुढे काच, काचेखाली लाल रेशीम, आणि रेशमावर तांदळाच्या कणीएवढे हाड. मागच्या बाजूस झाकणावरून तांबडा दोरा आडवा-उभा घेऊन त्यावर लाखेची मोहर केलेली. सोबत लॅटिनमधला एक कागद होता. तो वाळवीने खाल्ला. म्हणजे हा अवशेष खरा, याला त्या मोहरेवाचून दुसरा पुरावा उरलेला नव्हता.

त्र्याहत्तर वर्षे वीस जानेवारीला, संताच्या सणाला, ती डबी आळीतून फिरत असे. कोणाचे मूल तापाने फणफणले, तर त्या घरची बाई वाटी घेऊन कातूबायकडे येई. कातूबाय डबी पाण्याला लावी आणि ते पाणी मुलाच्या ओठांना लावी. यासाठी तिने कधी कोणाकडून केळ्यांची एक फणीसुद्धा घेतली नाही.

लिओ मास्तर पलीकडच्या आळीतले, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी बिशप हाऊसला तक्रार केली की तळेआळीत एका खोट्या हाडाच्या नावाने लोकांना भुलविले जाते. त्यावरून धर्मशास्त्राचे पंडित फादर आल्वारिस चौकशीस आले. निकाल विरुद्ध गेला असता तर डबी जप्त होणार होती, आणि कातूबायच्या घराने तीन पिढ्या लबाडी केली असे देवळात वाचून दाखविले जाणार होते. तसे त्यांनी बसल्याबरोबरच सांगितले. जबानी लिहिण्यासाठी चांगल्या अक्षराचा मनुष्य हवा होता. मी आळीतल्या शाखा डाकघराचा पोस्टमास्तर, आणि निम्म्या गावाची पत्रे नि अर्ज मीच लिहीत असे. म्हणून मला बोलावले. मी सातवी नापास आहे, हे मी त्यांना आधीच सांगितले होते.

“मास्तर, तुम्ही कोंबडीचं म्हणता ते कोणत्या आधारावर?” फादरांनी विचारले.

“मी कोंबडीचंच आहे असं म्हणत नाही. मी म्हणतो, नाही कशावरून? इतकं बारीक हाड. उद्या मी उंदराचं हाड रेशमावर चिकटवलं तर कातूबाय त्यालाही आरती ओवाळील.”

“तुमच्या आळीत उंदीर फार झालेत वाटतं, मास्तर,” कातूबाय म्हणाली.

तिचे वय त्या वेळी सत्तर होते. लाल लुगडे, पांढरी चोळी, आणि कानांत जड कर्णफुले घालून ती जमिनीवर पाय दुमडून बसली होती. फादरांनी खुर्ची दिली तर म्हणाली, खुर्चीत बसले की मला बोलायला सुचत नाही.

“हसण्यावारी नेऊ नकोस,” मास्तर म्हणाले. “गेल्या पावसात पेद्रूच्या नातवाला ताप आला. तू त्याला हाडाचं पाणी पाजलंस. तीन दिवसांनी न्युमोनिया निघाला.”

“पाणी पाजलं, आणि त्याच संध्याकाळी डॉक्टरकडे पण नेलं. पेद्रूच्या सुनेबरोबर कोण गेलं होतं, विचारा तिला. डॉक्टरने तपासायला दीड तास लावला, तेवढा वेळ पोर माझ्या मांडीवर होतं. ते लिहिलंय का तुमच्या तक्रारीत?”

मास्तर मनाने वाईट नव्हते, हे आज मी मान्य करतो. त्यांची स्वतःची एक मुलगी लहानपणी तापातच गेली होती. परंतु त्या दिवशी मला त्यांच्या कोटाच्या गुंड्यांचासुद्धा संताप येत होता.

फादर शांतपणे म्हणाले, “हे पाहा बाई, सेबास्तियनची म्हणून जगात इतकी हाडं दाखवतात, की ती एका माणसाच्या अंगात मावायची नाहीत. काही खरी असतील. काही लोकांनी श्रद्धेनं खरी मानली. आणि काही लोकांनी मुद्दाम बनवून विकली. मला एवढंच ठरवायचं आहे, तुमचं यांपैकी कोणतं?”

“मला काय ठाऊक? मी सेबास्तियनला कुठं बघितलंय?”

“म्हणजे तुम्हाला स्वतःलाच खात्री नाही.”

“फादर, मला सासूने सांगितलं, जपून ठेव. मी जपलं. खात्रीचं मला कोणी सांगितलंच नाही.”

फादरांनी हे लिहा म्हणून मला खूण केली. मी लिहीत असताना त्यांच्या चेहऱ्यावर किंचित हसू आलेले मी पाहिले. ज्या स्त्रीच्या घरचे पाणी ते पीत होते, तिला ते हसत होते. माझ्या हातातील टाक कागदात रुतला.

“बरं, आता मोहर पाहू,” फादर म्हणाले. “मोहर शाबूत असेल तर माझं काम सोपं आहे. तिच्यावर बिशपचं चिन्ह असतं. चिन्ह ओळखता आलं, तर कोणत्या काळी कोणी प्रमाणित केलं ते शोधता येतं. मग मास्तरांना कोंबडी परत न्यावी लागेल.”

त्यांनी पिशवीतून भिंग काढले. डबी उजेडाकडे धरून पालथी केली.

कातूबायने माझ्याकडे पाहिले नाही. ती अंगणातल्या क्रुसाकडे पाहत राहिली.

फादर बराच वेळ वाकून पाहत होते. मग त्यांनी भिंग पुसले, पुन्हा पाहिले, आणि मास्तरांना जवळ बोलावले. “मास्तर, तुम्हांला हे काय वाचता येतं?”

मास्तरांनी डोळे बारीक केले. “ळे... आळी,” ते अडखळत म्हणाले. “खाली... डाक. फादर, हे तर आपल्या पोस्टाचं.”

“टपाल खात्याची मोहर,” फादर म्हणाले. आता त्यांच्या आवाजात हसू नव्हते. “तिसऱ्या शतकातल्या संताच्या अवशेषावर, भारत सरकारच्या टपाल खात्याची मोहर. बाई, ही कोणी लावली?”

“मी,” कातूबाय म्हणाली.

“तुम्ही? शिक्का कुठून आणलात?”

“पोस्टातून उचलला. हा बस्त्याव जेवायला गेला होता तेव्हा.”

“म्हणजे चोरला.”

“चोरला म्हणा.”

“का?”

“जुनी मोहर सुटली. लोकांना कळलं असतं तर म्हणाले असते, खोटं आहे. म्हणून लावली.”

फादर माझ्याकडे वळले. “लिहा, पोस्टमास्तर. सदर बाई कबूल करतात की त्यांनी सरकारी शिक्का चोरून अवशेषावर बनावट मोहर केली.”

मी ‘सदर बाई’ एवढे लिहिले. पुढचा शब्द माझ्या टाकातून उतरेना. कातूबायला अक्षर कोणत्या बाजूने सुरू होते हेही माहीत नव्हते. लाख कशी तापवावी, तिला दिवा किती दूर धरावा, शिक्का आधी ओला करावा, यांतले काहीएक तिला ठाऊक नव्हते. माझी नोकरी वाचावी म्हणून ती संताच्या अवशेषापाशी बसून स्वतःला चोर म्हणवून घेत होती, आणि मी, जो सर्वांच्या वतीने अर्ज लिहितो, तो ते लिहून घेत होतो.

मी टाक खाली ठेवला.

“फादर, मोहर मी लावली आहे,” मी म्हणालो.

“बस्त्याव, गप,” कातूबाय म्हणाली.

“मावशी, तू गप.”

त्या एका वाक्याने माझी अकरा वर्षांची नोकरी गेली. पुढच्या महिन्यात तपासनीस आले, आणि सरकारी मोहरेचा गैरवापर या कलमाखाली मला काढून टाकले. ते कोणी कळविले याचा मी कधी शोध केला नाही. परंतु त्या क्षणी मला नोकरीची आठवणही नव्हती. मला एवढेच वाटत होते, की हे दोन शिकलेले पुरुष एका म्हातारीला चोर म्हणत आहेत आणि ते खोटे आहे.

मी सर्व सांगितले. सहा वर्षांपूर्वीची हकीकत. थंडीचे दिवस होते. माझ्याच धाकट्या मुलीला ताप होता, अकरा महिन्यांची होती. दवाखान्यातल्या नर्सबाईने बजावले होते की मुलांना पाणी उकळल्याशिवाय द्यायचे नाही. कातूबायने ते ऐकले. ती म्हणाली, नर्स शिकलेली आहे, तिचे ऐकले पाहिजे. म्हणून तिने पाणी खळखळून उकळविले, आणि डबी त्या उकळत्या पाण्यात बुडविली. इतक्या वर्षांची लाख ती. क्षणात मऊ झाली आणि वाटीच्या तळाशी जाऊन बसली. दोऱ्याची टोके सुटली. कातूबाय ती वाटी तशीच हातात धरून माझ्या डाकघरात आली.

“डबी उघडली गेली होती का?” फादरांनी विचारले.

“नाही. झाकण घट्ट होते. मी दोरा होता तसाच ओढून बांधला. तिच्या देखत. मग खात्याची लाख तापविली आणि खात्याचा शिक्का उठविला. शिक्का मोठा, जागा थोडी, म्हणून अर्धीच अक्षरे उठली.”

“पण टपालाचा शिक्का? तुम्हांला दुसरं काही सुचलं नाही?” मास्तर म्हणाले. “एक साधा क्रूस उठवायचा.”

“क्रूस उठविला असता तर ती फसवणूक झाली असती, मास्तर. बघणाऱ्याला वाटले असते की बिशपने केली आहे. मला जो शिक्का उठविण्याचा अधिकार होता तोच मी उठविला.”

फादर खुर्चीत मागे टेकले. “अधिकार? टपाल खात्याला संताच्या अस्थी प्रमाणित करण्याचा अधिकार आहे?”

हे त्यांनी कुत्सितपणे विचारले. आणि मग माझ्या तोंडून जे निघाले, ते आधी ठरविलेले नव्हते. मी पुस्तके वाचली आहेत, पण हे कोणत्याही पुस्तकात वाचलेले नव्हते.

“फादर, माझ्याकडे रोज थैली येते. विमा केलेली पाकिटे येतात. आत काय आहे ते मी पाहिलेले नसते. पाहायचे नसते. वरची मोहर शाबूत आहे एवढे पाहून मी घेतो. वाटेत मोहर तुटली, तर मी साक्षीदारासमोर पाकीट पुन्हा बांधतो आणि माझी मोहर लावतो. माझी मोहर असे म्हणत नाही की आत सोने आहे. ती म्हणते, हे मला असे मिळाले आणि मी ते असेच पुढे दिले, मध्ये कोणी हात घातला नाही. या घराने त्र्याहत्तर वर्षे तेवढेच केले आहे. आत सोने आहे की कोंबडी आहे, ते ज्याने पाठविले त्याला विचारा. ही बाई पाठविणारी नव्हे. हिच्याकडून वाटेत काही गेले का, तेवढे हिला विचारा.”

मास्तरांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

“जुन्या मोहरेवर काय होतं?” फादरांनी विचारले. “तुम्ही पाहिली होती?”

“लहानपणापासून दरवर्षी. एक रुंद टोपी होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना खाली उतरणारे गोंडे.”

फादर पुढे झुकले. “किती गोंडे? गोंड्यांच्या संख्येवरून बिशपचा दर्जा कळतो.”

“ते मोजले नाहीत.”

“टोपी आणि गोंडे आपल्या चर्चच्या दारावर पण कोरलेत,” मास्तर म्हणाले. “तिथलं पाहून कोणीही सांगेल.”

“सांगेल,” मी म्हणालो. “मी खोटे बोलत असेन असे वाटत असेल तर तेही मीच लिहून देतो. पण ‘बनावट’ हा शब्द मी लिहिणार नाही. आणि ‘चोरला’ हाही नाही. दुसरा लेखनिक बघा.”

फादरांनी माझ्या हातचा कागद ओढून घेतला आणि स्वतः लिहू लागले. मला वाचता येत होते. त्यांनी लिहिले की मूळ मोहर नष्ट झाली आहे, प्रमाणपत्र उपलब्ध नाही, सबब खरे-खोटे ठरविता येत नाही, आणि तोपर्यंत अवशेष लोकांपुढे ठेवू नये. ‘बनावट’ हा शब्द त्यांनी लिहिला नाही. याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे, असे म्हणणार नव्हतो, परंतु खरे ते लिहिले पाहिजे.

“डबी मी बिशप हाऊसला नेतो,” ते म्हणाले. “तिथं जाणकार आहेत. ते पाहतील.”

मास्तरांनी मान डोलावली. मला वाटले, आता कातूबाय रडेल. ती उठली, आल्तारापाशी, घरातल्या देवाच्या कोनाड्यापाशी, गेली, डबीखालचा विणलेला रुमाल घडी घालून घेऊन आली आणि टेबलावर ठेवला.

“न्या,” ती म्हणाली. “पण पावती द्या.”

“कातूबाय, बिशप हाऊसकडे पावती मागतेस?” मास्तर म्हणाले.

“का? पोस्टात पाच रुपयांची मनीऑर्डर केली तरी बस्त्याव पावती देतो. उद्या माझी सून मला विचारील, पाद्रीने सासूला दिलं, सासूने तुला दिलं, तू काय केलंस? मग मी काय दाखवू, मास्तरांचं तोंड?”

फादरांनी दुसरा कागद घेतला. लिहिले, तारीख घातली, आणि सही करून मला वाचायला दिले. मी वाचले: “तळेआळी येथील कातरीन डाबरे यांजकडून काच असलेली एक पितळी डबी, आत हाडाचा एक तुकडा, चौकशीसाठी घेतली.”

“कोणाच्या हाडाचा?” कातूबायने विचारले.

“ते आपल्याला ठाऊक नाही, बाई. तोच तर प्रश्न आहे.”

“ठाऊक नाही असं लिहा मग. पण आम्ही कोणाचा म्हणून सांभाळला, ते तर ठाऊक आहे ना? ते पण लिहा. हाडाचा तुकडा कसायाकडे पण असतो.”

फादर तिच्याकडे पाहत राहिले. त्यांनी चौकशीची खूप कामे केली असतील, कदाचित परदेशातही. असे त्यांना कोणी सांगितले नसावे. त्यांनी टाक हातात घेतला, थांबले, पुन्हा शाईत बुडविला. शेवटी ‘तुकडा’ या शब्दानंतर खूण करून वरच्या मोकळ्या जागेत लिहिले: “कोणाचा हे निश्चित नाही, संत सेबास्तियन यांचा म्हणून या घराने त्र्याहत्तर वर्षे सांभाळलेला.”

“साक्षीदार,” कातूबाय म्हणाली.

मी सही करण्यास पुढे झालो, तर ती म्हणाली, “तू नाही. तू माझ्या बाजूचा. मास्तर करतील.”

मास्तरांचा चेहरा तांबडा झाला. परंतु त्यांनी सही केली. हेडमास्तर ते हेडमास्तरच, त्यांनी पावती आधी पूर्ण वाचली, आणि तारखेपुढे ठिकाण घालायचे राहिले होते ते स्वतः घातले.

कातूबायने ती पावती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग डबी पदराने पुसली, ओठांना लावली आणि फादरांच्या हातात दिली. फादरांनी ती पिशवीत घातली नाही. रुमालात गुंडाळून हातात धरली आणि तशीच हातात धरून ते बांधावरून एस. टी.च्या थांब्यापर्यंत चालत गेले. आम्ही ओटीवरून पाहत होतो. मास्तर काही वेळ उभे राहिले, मग कोणाचाही निरोप न घेता निघून गेले.

कातूबाय पुढे नऊ वर्षांनी वारली. फादर आल्वारिस त्याआधीच दुसरीकडे बदलून गेले. डबीवर कोणत्या जाणकारांनी काय पाहिले, याचे एक अक्षर तळेआळीला आजवर आलेले नाही. मी पत्रे लिहिली. पहिल्या पत्रास उत्तर आले की चौकशी चालू आहे. दुसऱ्यास आले की संबंधित फादर येथे नाहीत. पुढे उत्तरे येईनाशी झाली. एकदा मी स्वतः गेलो, तेव्हा एका तरुण फादरांनी अदबीने विचारले, “आजोबा, कोणती डबी?”

मी त्यांना पावतीची नक्कल दाखविली. मूळ पावती कातूबायच्या सुनेने आल्तारात काचेखाली ठेवली आहे, ती मी घराबाहेर नेऊ देत नाही. हाड खरे की खोटे, हे मी तेव्हा सांगू शकलो नाही आणि आजही सांगू शकत नाही. कोणी विचारले तर तसे स्पष्ट सांगतो. परंतु जे दुसऱ्याच्या हाती विश्वासाने दिले आणि त्याची पावती घेतली, ते परत मागण्याचा हक्क जात नाही, हे मला खात्याने शिकविले आहे. म्हणून दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी रजिस्टर पत्राने ती डबी मागतो. यंदाचे पत्र काल टाकले.